ग्लासातला तांबडा गाळ

प्रश्न : आरओ यंत्र विकणारा घरी आला होता. एका ग्लासात आमचं बोअरचं पाणी, दुसऱ्यात त्याच्या बाटलीतलं. दोन्हींत दांड्यांचं उपकरण बुडवून त्यानं बटण दाबलं. मिनिटभरात आमच्या पाण्यावर हिरवट-तांबडा गाळ आला, त्याचं नितळच राहिलं. रोज आम्ही हेच पितो का?
— एक गृहिणी, कुर्डुवाडी (ता. माढा)

उत्तर : नाही हो. तो गाळ पाण्यातला नव्हे, त्याच्या दांडीचा.

शाळेत शिकलेलं विद्युत अपघटन ते हेच. वीज सुरू झाली की धनाग्राची लोखंडी दांडी झिजते आणि लोखंड आयनरूपानं पाण्यात उतरतं. ऋणाग्रापाशी खुद्द पाण्याचं विघटन होऊन हायड्रोजनचे बारीक बुडबुडे सुटतात, हायड्रॉक्साइड मागे राहतं. त्याची लोखंडाशी गाठ पडली की आधी हिरवट साका धरतो, मग हवा लागून तो गंजासारखा तांबडा होतो.

बाटलीतलं पाणी नितळ राहिलं, कारण त्यातले क्षार आधीच काढलेले. वीज वाहून न्यायला कुणी उरलेलंच नाही. आपलं काळ्या पाषाणातलं बोअरचं पाणी जड, म्हणून त्यातून वीज झकास वाहते. तो पुन्हा आला, तर त्याच्याच बाटलीतल्या पाण्यात चिमूटभर मीठ टाका आणि बटण दाबायला सांगा. गडी बहुधा घाईत असेल! तुम्ही मात्र ते उपकरण हाताळू नका. ते घरातल्या 230 व्होल्टवर चालतं.

गंमत अशी, की हीच करामत सांडपाणी शुद्ध करायला खरोखर वापरतात: लोखंडाचा किंवा ॲल्युमिनियमचा साका घाण धरून खाली बसतो. टाकीत टाकतात त्या टीसीएल पावडरीतला क्लोरीनही मिठाच्या पाण्यातून वीज सोडूनच मिळवलेला. एक ग्रॅम सोन्याच्या दागिन्यांवरचा मुलामा, सायकलच्या हँडलची चकाकी, तीही याचीच. ॲल्युमिनियमचं पातेलं स्वस्त झालं तेही 1886 मध्ये हॉल आणि एरू या संशोधकांनी स्वतंत्रपणे शोधलेल्या विद्युत अपघटनाच्या पद्धतीमुळे.

पाण्याबद्दल शंका असेलच, तर नमुना भूजल सर्वेक्षण यंत्रणेच्या प्रयोगशाळेत द्या. विरघळलेले क्षार लिटरला 500 मिलिग्रॅमपर्यंत चांगले. दुसरी सोय नसेल तर पिण्याच्या पाण्याचं भारतीय मानक 2000 पर्यंत चालवून घेतं. नायट्रेट, फ्लोराइड आणि जंतूंची तपासणी आवर्जून मागा. दांड्यांना यातलं काहीच कळत नाही.