व्यायाम, पित्त आणि विचारायचा राहिलेला प्रश्न

अंगावर पित्त उठले की आमसुलाचे पाणी चोळावे, हा उपाय इंदूरच्या मराठी घरांतही पिढ्यान्‌पिढ्या टिकून आहे. पित्त बहुधा काही तासांत आपोआप मावळते आणि श्रेय आमसुलाला मिळते. आम्ही डॉक्टर मंडळीही सेटिरिझिन लिहून कित्येकदा असेच श्रेय पदरात पाडून घेतो. मीही घेतले आहे. एकदा मात्र ते फार महागात पडता पडता राहिले.

काही वर्षांपूर्वी एक महाविद्यालयीन कबड्डीपटू माझ्याकडे आला. खेळताना अंगाला खाज सुटून गांधी उठतात, एवढीच तक्रार. घाम आणि श्रम यांचा संबंध पाहून मी ‘कोलिनर्जिक अर्टिकेरिया’ असे निदान करून मोकळा झालो. या विकारात शरीर तापले की टाचणीच्या डोक्याएवढ्या, दोन-तीन मिलिमीटरच्या गांधी उठतात व भोवती लाली पसरते. कढत पाण्याच्या स्नानाने, मनःक्षोभानेही त्या उठतात आणि साधारणतः तासाभरात विरतात. जिवाला धोका सहसा नसतो.

तीन आठवड्यांनी तो मुलगा मैदानावर कोसळला. ओठ सुजलेले, श्वास कोंडलेला, रक्तदाब अतिशय उतरलेला. जवळच्या डॉक्टरांनी तत्काळ मांडीच्या स्नायूत ॲड्रेनलिन टोचले, म्हणून तो वाचला.

त्यानंतर मी त्याची हकीकत नव्याने, यावेळी सावकाश ऐकली. त्याच्या गांधी रुपयाच्या नाण्याएवढ्या मोठ्या होत्या. कढत पाण्याने काहीच होत नसे. रविवारी पहाटे अनशापोटी खेळला तरी त्रास नसे. घरी पोळी खाऊन बसला तरी नसे. त्रास व्हायचा तो दुपारी चारला पोळी-भाजी खाऊन पाचला मैदानात उतरल्यावरच. कोसळला त्या दिवशी घोटा मुरगळल्यामुळे त्याने वेदनाशामक गोळीही घेतली होती. पहिल्या भेटीत ‘खेळण्यापूर्वी काय खाल्ले होते?’ एवढे विचारले असते तर! तो दोष सर्वस्वी माझा.

अन्न आणि व्यायाम एकत्र आल्यावरच उद्भवणारी ही तीव्र ॲलर्जी. १९७९ साली शंखशिंपल्यांतील जीव खाऊन धावणाऱ्या एका धावपटूच्या बाबतीत तिचे वर्णन प्रसिद्ध झाले. पुढे गव्हातील ओमेगा-५ ग्लायडिन हे प्रथिन तिचे एक प्रमुख कारण ठरले. श्रमाने आतड्याच्या अस्तराची पारगम्यता वाढून अर्धवट पचलेली प्रथिने रक्तात अधिक शिरतात, असे एक स्पष्टीकरण दिले जाते. ॲस्पिरिन व तत्सम वेदनाशामके, तसेच मद्य, हा उंबरठा आणखी खाली आणतात. गव्हाची नेहमीची रक्तचाचणी अशा रुग्णांत फसवू शकते. ओमेगा-५ ग्लायडिनची चाचणी अधिक भरवशाची.

खाज सुटताच खेळ थांबवायचा, आणि श्वास वा शुद्ध यांवर परिणाम दिसू लागला तर विलंब न लावता ॲड्रेनलिन: प्रौढास १:१००० द्रावणाचे अर्धा मिलिलिटर, मांडीच्या बाहेरील बाजूस, स्नायूत. सेटिरिझिनने खाज शमते, कोसळणे टळत नाही.

आता तो मुलगा एकटा खेळत नाही, वेदनाशामक घेऊन खेळत नाही आणि खेळण्यापूर्वीचे सहा तास गव्हाला शिवत नाही. ॲड्रेनलिनची कुपी व सिरिंज पिशवीत असते. ती कशी वापरायची हे त्याच्या दोघा सवंगड्यांना शिकवले आहे. इंदूरकर असल्याने त्याने पोह्यांचे विचारलेच. पोहे चालतील, म्हटले. खेळायचे असेल त्या दिवशी सोबतची जिलेबी मात्र नाही, ती मैद्याची.