कातडी वाचवण्याचं शास्त्र

मित्रांनो, आपल्या हॉस्टेलच्या कुठल्याही रूममध्ये डोकावून पाहा. एकाच साबणाने अंग, डोकं, तोंड आणि वेळ पडली तर मोजेसुद्धा धुतले जातात. रेझर तिघांत एक. आणि कपाटात कपड्यांच्या मागे लपवलेली एक गोरेपणाची ट्यूब! मुलाने चेहऱ्याची काळजी घेतली की बाकीचे हसतात, म्हणून आपण ती चोरून घेतो, आणि चोरून घेतो म्हणून चुकीची घेतो. माझंही तेच झालं. म्हणून आधी माझी चूक सांगतो आणि मग धडा.

जत्रेसाठी गोरा

माझं गाव मालवण तालुक्यातलं मसुरे. इथल्या आंगणेवाडीच्या भराडीदेवीची जत्रा सर्वांना माहीत आहेच. मुंबईचे चाकरमानी कितीही कामात असले तरी त्या दिवशी हजर असतात. सेकंड इयरला असताना मला वाटलं, यंदा जत्रेला जरा गोरं होऊन जावं. एका मेडिकलवाल्याने डॉक्टरची चिठ्ठी न विचारता ट्यूब दिली. आठवड्यात चेहरा उजळला, मुरुमं बसली. मी खूश! तीन महिने रोज रात्री लावत राहिलो.

जत्रेच्या दिवशी दर्शनाच्या रांगेत दोन तास उन्हात उभा होतो. चेहऱ्याला मिरची चोळल्यासारखी आग सुरू झाली. घरी येऊन आरशात पाहिलं तर गालांवर बारीक लाल शिरा दिसत होत्या. आजी म्हणाली, "झिला, तोंडाक काय लावलंस? आदी होतंस तोच बरो होतंस!" घाबरून ट्यूब बंद केली तर चेहरा सुजला आणि पुरळ उठलं. शेवटी बाबांनी कुडाळला त्वचारोगतज्ज्ञांकडे नेलं. त्यांनी ट्यूबवरची बारीक अक्षरं मलाच मोठ्याने वाचायला लावली. हायड्रोक्विनोन, ट्रेटिनॉइन, मोमेटासोन. यातलं तिसरं म्हणजे स्टिरॉइड.

असं का होतं?

स्टिरॉइडमुळे त्वचेतल्या रक्तवाहिन्या आकसतात आणि दाह दबतो. म्हणून सुरुवातीला चेहरा फिकट दिसतो आणि आपण त्यालाच गोरेपणा समजतो. पण महिनोन्महिने लावलं की त्वचा पातळ होते, शिरा दिसू लागतात, मुरुमं वाढतात. त्वचेला त्याची सवय लागते, त्यामुळे बंद केलं की सगळं उफाळून येतं. हे औषध वाईट नाही. डॉक्टरांनी सांगितलेल्या आजाराला, सांगितलेले दिवस लावलं तर ते उपयोगाचंच आहे.

गजकर्णाचीही हीच गोष्ट. ओली जीन्स घालून लेक्चरला बसणाऱ्यांना जांघेत खाज सुटते. मेडिकलमधून स्टिरॉइड मिसळलेलं मलम आणलं की खाज थांबते, पण बुरशी दबक्या पावलांनी पसरत राहते. स्टिरॉइड मलमांचा हा गैरवापर देशभर इतका वाढला की मार्च २०१८ मध्ये केंद्र सरकारने अशी १४ मलमं चिठ्ठीशिवाय विकायला बंदी केली. कायदा झाला, पण चिठ्ठी मागणारा काउंटर मात्र शोधावा लागतो.

टीव्हीवरच्या क्रीम्सचा प्रकार वेगळा. ती कॉस्मेटिक असतात. २००५ साली इमामीने खास पुरुषांसाठी 'फेअर अँड हँडसम' आणलं. २०२० मध्ये हिंदुस्तान युनिलिव्हरने 'फेअर अँड लव्हली'तला 'फेअर' काढून तिथे 'ग्लो' लिहिलं. नाव बदललं, आपल्या डोक्यातला गोरेपणा काही गेला नाही.

विटांची भिंत

सिव्हिलवाल्यांना हे पटकन कळेल. त्वचेचा सर्वांत वरचा थर विटांच्या भिंतीसारखा असतो. मृत पेशी या विटा, आणि त्यांच्यामधले स्निग्ध पदार्थ म्हणजे सिमेंट. ही भिंत पाणी आत धरून ठेवते आणि जंतूंना बाहेर. तिचा पीएच साधारण ५ च्या आसपास, म्हणजे किंचित आम्ल. आपला साबण ९ ते १० चा. दिवसातून चारदा साबणाने तोंड घासलं तर सिमेंटच धुऊन जाणार! सावळा रंग देणारं मेलॅनिन हा तर उन्हापासून मिळालेला फुकटचा विमा. तो आपण पैसे देऊन का रद्द करायचा?

मग करायचं काय?

१. धुणे : सकाळी आणि रात्री, दोनदाच. सौम्य फेसवॉश आणि साधं पाणी.

२. ओलावा : तोंड ओलसर असतानाच साधं मॉइश्चरायझर. तेलकट चेहऱ्याला जेलसारखं हलकं घ्यावं. खोबरेल अंगाला उत्तम, पण मुरुमांच्या चेहऱ्याला नको. टाचांच्या भेगांना आमच्याकडचं कोकमाचं तेल लावून बघा. ते घट्ट असतं, पण अंगाच्या उबेने विरघळतं.

३. ऊन : बाहेर पडायच्या १५-२० मिनिटं आधी एसपीएफ ३० चं सनस्क्रीन. मॅच खेळत असाल तर दोन तासांनी पुन्हा. शिवाय टोपी.

४. दाढी : आंघोळीनंतर केस मऊ असताना, केसांच्या दिशेने. रेझर स्वतःचाच! रक्त लागलेल्या पात्यातून कावीळ बी आणि सी पसरू शकते.

५. कपडे : टॉवेल वेगळा, अंतर्वस्त्रं रोज बदललेली, उन्हात कडक वाळवलेली. पावसाळ्यात पायांच्या बोटांमधली जागा कोरडी करा. भातलावणीत चिखल्या झालेल्या पायांनी आमचे काका किती तळमळतात ते मी पाहिलंय.

एवढंच. सहा बाटल्या नकोत. नवीन काहीही लावण्याआधी दोन-तीन दिवस कोपराच्या आतल्या बाजूला थोडं लावून पाहा.

माझा चेहरा सावरायला सहा महिने लागले. गालावरच्या दोन-चार शिरा अजून आहेत. ती माझी केटी समजा!

तेव्हा मित्रांनो, आज रात्री कपाट उघडा आणि ट्यूबवरची बारीक अक्षरं वाचा. बीटामेथासोन, क्लोबेटासॉल, मोमेटासोन, बेक्लोमेथासोन यांपैकी काही दिसलं तर ती ट्यूब घेऊन त्वचारोगतज्ज्ञांकडे जा. बरेच दिवस लावत असाल तर एकदम बंद करू नका, कशी सोडायची ते त्यांनाच विचारा. पैशांची अडचण असेल तर सरकारी रुग्णालयात केसपेपर काढा. आणि रूममेट सनस्क्रीन लावताना दिसला तर हसू नका. थोडं मागून घ्या!