वेबपॅक ५ वर गेल्यावर बिल्ड फुटला तर

वेबपॅक ४ वरून ५ वर गेलं की टर्मिनलवर लाल अक्षरांचा पूर येतो. बहुतेक जण त्यातली पहिली ओळ उचलून सर्च करतात, सापडलेला तुकडा कॉन्फिगमध्ये चिकटवतात आणि पुन्हा बिल्ड लावतात. असं करत करत बिल्ड एकदाचा होतोही, पण कुठल्या तुकड्याने काय सुधारलं हे टीममध्ये कुणालाच सांगता येत नाही. म्हणून आधी एरर कुणाची ते ठरवा: नोडची, कमांड लाइनची, कॉन्फिगची, एखाद्या प्लगइनची, की तुम्ही ओढून आणलेल्या पॅकेजची. पुढची कृती याच क्रमाने जाते. क्रम मोडू नका. नोडपाशीच बिल्ड अडला असेल तर पॅकेजच्या एरर तुम्हाला दिसणारच नाहीत.

सुरुवात ५ वर जाण्याआधी, ४ वरच करायची. वेगळी ब्रँच काढा. वेबपॅक ४ ची शेवटची आवृत्ती घ्या, आणि ४ वर चालतील असे सगळे लोडर आणि प्लगइन शक्य तितके नवे करा. कॉन्फिगमध्ये ‘मोड’ लिहिलेला नसेल तर लिहा. मग नोडला ‘ट्रेस डेप्रिकेशन’ हा फ्लॅग देऊन बिल्ड चालवा. कोणता प्लगइन जुनी पद्धत वापरतोय, हे फाइलच्या नावासकट कळतं. आणखी एक चाचणी इथेच उरकून घ्या: कॉन्फिगच्या ‘नोड’ भागात ‘बफर’ आणि ‘प्रोसेस’ दोन्ही ‘फॉल्स’ करून बघा. त्याने ॲप मोडलं, तर ५ वर काय भोगायचंय याचा अंदाज आजच आला. हा टप्पा टाळून थेट ५ वर उडी मारणाऱ्यांचा वेळ वाचत नाही.

आता आवृत्ती बदला, नोड मॉड्यूल्सचा फोल्डर उडवा आणि इन्स्टॉल करा. एनपीएम ७ किंवा पुढचं असेल तर इथेच ‘ई-रिझॉल्व्ह’ म्हणून अडण्याची शक्यता आहे. लगेच ‘लेगसी पीअर डेप्स’ लावून तोंड बंद करू नका. कोणत्या प्लगइनला अजून वेबपॅक ४ च हवंय, ते त्या संदेशात लिहिलेलं असतं. ती नावं कागदावर उतरवा, पुढे लागतील. इन्स्टॉल झालं की ‘एनपीएम एल-एस वेबपॅक’ चालवा. झाडात वेबपॅक एकदाच दिसायला हवं. एखादं जुनं साधन स्वतःचं वेबपॅक ४ पोटात घेऊन बसलं असेल तर एरर विचित्र येतात. ‘कंपायलेशन’ हा आर्ग्युमेंट कंपायलेशनचाच इन्स्टन्स हवा, अशी तक्रार दिसली तर नव्वद टक्के वेळा दोन वेबपॅक एकमेकांसमोर उभे आहेत असं समजा. त्या एररवर कॉन्फिग बदलत बसण्यात अर्थ नाही.

नोडच्या थरातली एरर ओळखायला सोपी. ‘डिजिटल एन्व्हलप रूटीन्स अनसपोर्टेड’ असा मजकूर आणि सोबत ०३०८०१०सी हा क्रमांक असतो. वेबपॅक ५ हे १० ऑक्टोबर २०२० ला आलं, तरी ४ वर थांबलेले प्रकल्प अजून भेटतात, आणि त्यांना हलायला लावते ती बहुधा हीच एरर. नोड १७ मध्ये, म्हणजे ऑक्टोबर २०२१ पासून, ओपनएसएसएल ३ आलं. त्यात एमडी४ ही हॅश पद्धत सहजासहजी मिळत नाही, आणि वेबपॅक ४ फाइलींचे हॅश त्याच पद्धतीने काढतं. ‘ओपनएसएसएल लेगसी प्रोव्हायडर’ हा नोडचा पर्याय लावला की बिल्ड होतो. रात्री रिलीज अडकलं असेल तर तो जरूर लावा, पण सकाळी काढा. ५ वर येऊनही हीच एरर दिसली तर पुन्हा ‘एल-एस’ कडे जा, कुठलं तरी जुनं वेबपॅक किंवा जुना लोडर अजून एमडी४ मागतोय. कॉन्फिगमध्ये कुणी ‘हॅश फंक्शन’ हाताने एमडी४ ठेवलं नाही ना, तेही पाहा. ५.५४ पासून तिथे ‘एक्सएक्सहॅश६४’ लिहिता येतं.

कमांड लाइनचं प्रकरण छोटं आहे. ‘वेबपॅक-सीएलआय’ च्या आत ‘कॉन्फिग-यार्ग्ज’ सापडत नाही अशी एरर आली, तर पॅकेज फाइलमधल्या स्क्रिप्टमध्ये अजून ‘वेबपॅक-डेव्ह-सर्व्हर’ हीच कमांड आहे. तिच्या जागी ‘वेबपॅक सर्व्ह’ लिहा आणि पुढे चला.

‘इनव्हॅलिड कॉन्फिगरेशन ऑब्जेक्ट’ किंवा ‘इनव्हॅलिड ऑप्शन्स ऑब्जेक्ट’ ही एरर खरं तर मदत करणारी आहे. कोणता पर्याय ओळखीचा नाही आणि त्या जागी काय चालतं, दोन्ही ती सांगते. तरी लोक ती पूर्ण वाचत नाहीत. नेहमी सापडणारे बदल असे: डेव्ह सर्व्हर ४ मध्ये ‘कंटेंट बेस’ गेलं, ‘स्टॅटिक’ आलं. ‘नेम्ड मॉड्यूल्स’ ऐवजी ‘मॉड्यूल आयडीज’ ला ‘नेम्ड’ ही किंमत द्यायची. फाइलनावातला ‘हॅश’ आता ‘फुलहॅश’ झाला, पण ब्राउझर कॅशसाठी तुम्हाला बहुधा ‘कंटेंटहॅश’ च हवा असतो. आणि ‘नोड’ भागातली ती जुनी ‘एफएस: एम्प्टी’ ओळ पूर्ण पुसा.

मग प्लगइन. ‘टॅप’ हा गुण ‘अनडिफाइन्ड’ वर वाचता येत नाही, अशी एरर म्हणजे एखादा प्लगइन अशा हुकला हात घालतोय जो ५ मध्ये उरलेला नाही. स्टॅक ट्रेसमध्ये नोड मॉड्यूल्सनंतर येणारं पहिलं परकं नाव हा तुमचा आरोपी. नाव कळत नसेल तर सगळे प्लगइन कॉमेंट करा आणि एकेक परत चालू करा. कंटाळवाणं आहे, पण खात्रीचं. काही नावांवर आवृत्ती वाढवण्यात वेळ घालवू नका, थेट बदला: ‘ऑप्टिमाइझ-सीएसएस-ॲसेट्स’ च्या जागी ‘सीएसएस-मिनिमायझर’, ‘अग्लिफाय’ च्या जागी ‘टर्सर’, आणि कुठे ‘एक्स्ट्रॅक्ट-टेक्स्ट’ तग धरून असेल तर ‘मिनी-सीएसएस-एक्स्ट्रॅक्ट’.

इथून पुढे खरा गुंता. ‘कान्ट रिझॉल्व्ह क्रिप्टो’, ‘स्ट्रीम’, ‘पाथ’, ‘बफर’ अशा एरर एकामागून एक येतात. वेबपॅक ४ नोडच्या अंगभूत मॉड्यूल्सचे पर्याय ब्राउझरसाठी गुपचूप बांधून देत होतं. ५ ने ते बंद केलं, आणि योग्यच केलं. आपण ब्राउझरला किती सामान पाठवतोय हे तोवर कुणी बघतच नव्हतं. एररसोबत वेबपॅक स्वतःच ‘रिझॉल्व्ह’ खालच्या ‘फॉलबॅक’ मध्ये काय लिहायचं ते सुचवतं. ते डोळे मिटून उतरवू नका. आधी हे मॉड्यूल मागतंय कोण ते शोधा. ‘स्टॅट्स’ मध्ये ‘एरर डिटेल्स’ चालू केलं की कुठल्या फोल्डरमधून मागणी झाली ते दिसतं.

उत्तरं तीन प्रकारची निघतात. पॅकेज मुळात सर्व्हरसाठीचं असतं आणि चुकून फ्रंटएंडमध्ये आलेलं असतं. टोकन फक्त उलगडून वाचायला ‘जेसनवेबटोकन’ ओढलेला प्रकल्प हे याचं नेहमीचं उदाहरण. तिथे ‘जेडब्ल्यूटी-डिकोड’ पुरतं, ‘क्रिप्टो’ चा प्रश्नच राहत नाही. दुसरा प्रकार म्हणजे पॅकेज ‘एफएस’ मागतं खरं, पण ब्राउझरमध्ये त्या वाटेला जातच नाही. तिथे फॉलबॅकमध्ये ‘फॉल्स’ लिहा. गरज खरोखरची असेल तेव्हाच ‘क्रिप्टो-ब्राउझरिफाय’, ‘स्ट्रीम-ब्राउझरिफाय’, ‘पाथ-ब्राउझरिफाय’ इन्स्टॉल करून फॉलबॅकमध्ये जोडा. ‘बफर’ लिहिताना शेवटची तिरकी रेघ विसरू नका, तिच्याशिवाय नोड आपल्याच बफरकडे बोट दाखवतो. सगळे पॉलिफिल एकदम परत आणणारा प्लगइनही मिळतो. घाईत असलेल्याला दोष देणार नाही, पण तो लावला की ४ मधलं ओझं जसंच्या तसं परत येतं आणि पुन्हा कधी उतरत नाही.

‘फुली स्पेसिफाइड’ हा शब्द दिसला तर त्या पॅकेजने स्वतःला ईएस मॉड्यूल घोषित केलंय, पण आतल्या इम्पोर्टना फाइलची एक्स्टेन्शन लावलेली नाही. पॅकेजची नवी आवृत्ती बघा. नसेल तर तेवढ्या फाइलींपुरता नियम लिहून ‘फुली स्पेसिफाइड’ ला ‘फॉल्स’ करा. कुठला तरी पाथ पॅकेजमधून ‘एक्सपोर्टेड’ नाही अशी तक्रार असेल, तर तुमच्याच कोडमध्ये कुणी तरी पॅकेजच्या ‘लिब’ फोल्डरमध्ये हात घातलाय. पॅकेज ज्या दारांतून आत येऊ देतं, तीच दारं ५ मान्य करतं. इथे इम्पोर्ट बदलण्याशिवाय धड उपाय नाही.

बिल्ड हिरवा झाला तरी ब्रँच मर्ज करू नका. ब्राउझर उघडा, कन्सोल उघडा. ‘प्रोसेस इज नॉट डिफाइन्ड’ दिसलं तर कोडमध्ये ‘प्रोसेस डॉट ईएनव्ही’ मधून काहीतरी वाचलं जातंय. ‘नोड ईएनव्ही’ ची किंमत मोडमुळे भरली जाते, बाकीची नावं ‘डिफाइन’ किंवा ‘एन्व्हायर्नमेंट’ प्लगइनने एकेक द्यायची. अख्खं ‘प्रोसेस डॉट ईएनव्ही’ तिथे ओतू नका, सर्व्हरच्या किल्ल्या बंडलमधून बाहेर जातील. पार्श्वभूमीची चित्रं गायब झाली किंवा एकच चित्र दोनदा निघालं, तर ‘फाइल लोडर’ आणि ५ चे स्वतःचे ॲसेट मॉड्यूल एकाच फाइलवर काम करताहेत. लोडर काढून ‘ॲसेट/रिसोर्स’ लावा. काढता येत नसेल तर त्या नियमात ‘टाइप’ ला ‘जावास्क्रिप्ट/ऑटो’ द्या. जुन्या ब्राउझरांना सेवा द्यायची असेल तर ‘टार्गेट’ मध्ये ‘वेब’ सोबत ‘ईएस५’ लिहा, कारण ५ स्वतःच्या रनटाइम कोडमध्ये ॲरो फंक्शन वापरतं आणि बॅबेल त्याला शिवत नाही.

फाइल सिस्टिम कॅश मात्र अगदी शेवटी चालू करा, सगळं स्थिर झाल्यावर. ‘बिल्ड डिपेंडन्सीज’ मध्ये कॉन्फिग फाइलचं नाव घाला. ते राहिलं तर कॉन्फिग बदलूनही जुनाच निकाल येत राहतो. तसं झाल्याचा संशय आला की नोड मॉड्यूल्समधला ‘डॉट कॅश’ फोल्डर पुसून बिल्ड पुन्हा लावा.