छायाचित्रसंग्रहाचें स्थलांतर

घरांतील छायाचित्रें हा कुटुंबाचा एक ठेवाच होय. आजोबांचा चेहरा, धाकट्या भावाचें बारसें, शाळेचें स्नेहसंमेलन, यांची ओळख पुढील पिढीस त्यांवरूनच व्हावयाची. पूर्वीं हा ठेवा आल्बमांत असे व आल्बम कपाटांत असे. आतां तो बहुतेक घरीं संगणकांत असतो. कपाट डोळ्यांस दिसे. संगणकांतील संग्रह मात्र एखाद्या प्रोग्रामच्या खिडकींतूनच पाहावा लागतो. तो प्रोग्राम बदलला, किंवा त्याची नवी आवृत्ति आली, म्हणजे कधीं कधीं ती खिडकी रिकामी दिसते व घरचीं माणसें घाबरून जातात. बहुधा त्या वेळीं छायाचित्रें जागच्या जागींच असतात. घाईनें कांहीं पुसून टाकलें म्हणजे खरें नुकसान होतें. म्हणून संग्रह शोधावा कसा व हलवावा कसा, याची थोडी माहिती येथें देत आहों.

प्रथम एक भेद ध्यानांत घ्यावा. कांहीं प्रोग्राम छायाचित्रें आणि त्यांची यादी हीं दोन्ही एकाच पेटींत ठेवतात. दुसरे कांहीं केवळ नोंदवही बाळगतात. छायाचित्रें निराळ्या जागीं असतात व तीं कोठें आहेत एवढेंच त्या वहींत लिहिलेलें असतें. ग्रंथालयाच्या सूचींत पुस्तक नसतें, कपाटाचा क्रमांक असतो. हा दुसरा प्रकार तसाच समजावा. आपला प्रोग्राम या दोहोंपैकीं कोणता, हें कळल्यावांचून कोणतीहि वस्तु हलवूं नये.

पहिल्या प्रकाराचें उदाहरण ॲपल कंपनीच्या मॅक संगणकावर आहे. इ. स. २००२ मध्यें या कंपनीनें ‘आयफोटो’ हा प्रोग्राम काढला व २००५ मध्यें धंदेवाईक छायाचित्रकारांसाठीं ‘ॲपर्चर’ काढला. जून २०१४ मध्यें या दोहोंचें पुढील काम थांबविल्याचें जाहीर झालें, आणि एप्रिल २०१५ मध्यें त्यांच्या जागीं ‘फोटोज’ हा प्रोग्राम आला. २०१९ सालच्या ‘कॅटालिना’ प्रणालीपासून जुने दोन्ही प्रोग्राम चालेनासे झाले. फोटोज जुन्या संग्रहावरून नवा संग्रह तयार करितो, पण जुना पुसत नाहीं. जुन्या संग्रहांत छायाचित्रांस दिलेल्या तारका नव्यांत शोधशब्द होऊन येतात. तेव्हां त्या दिसल्या नाहींत म्हणून आपली मेहनत वायां गेली असें समजूं नये.

येथें पुष्कळांची एक गैरसमजूत होते. एकाच डिस्कवर जुना व नवा असे दोन संग्रह दिसतात, आणि प्रत्येकाचा आकार पूर्ण दाखविला जातो. यावरून जागा दुप्पट अडली असें वाटतें. वस्तुतः मूळ छायाचित्र डिस्कवर एकदांच असतें व दोन्ही संग्रह त्याच एका प्रतीचा उपयोग करितात. एकाच शेतास दोन बांधांवरून वाट असावी, तसेंच हें. म्हणून जुना संग्रह पुसल्यानें फारशी जागा मोकळी होत नाहीं. उलट नवा नीट तपासल्यावांचून जुना पुसला, तर परतण्याची वाट मात्र बंद होते.

आतां संग्रह शोधण्याची रीति. प्रथम आपल्या खात्यांतील ‘पिक्चर्स’ हा फोल्डर पाहावा. संग्रह मुळांत तेथेंच असतो. तेथें न सांपडल्यास ‘ऑप्शन’ ही कळ दाबून धरून फोटोज उघडावा, म्हणजे संगणकास माहीत असलेल्या संग्रहांची यादी पुढें येते. कोणे एके काळीं संग्रह बाहेरच्या डिस्कवर ठेवला असल्यास ती डिस्क आधीं जोडावी. संग्रह दिसण्यांत एका फाइलीसारखा असला, तरी ती हजारों फाइलींची पेटी असते. पेटी उघडून आंतील फाइली हातानें हलवूं नयेत. तसें केल्यास यादी व चित्रें यांची फारकत होते. चित्रें बाहेर काढावयाचीं असल्यास प्रोग्राममधील ‘एक्स्पोर्ट’ ही आज्ञा वापरावी.

संग्रह दुसऱ्या डिस्कवर नेण्याचा क्रम असा आहे. पहिलें, सर्व छायाचित्रांच्या शेवटीं दिसणारा त्यांचा आंकडा कागदावर लिहून घ्यावा. दुसरें, कांहीं चित्रें पेटीबाहेर राहिलीं असल्यास तीं निवडून ‘कन्सॉलिडेट’ या आज्ञेनें आंत आणावीं. तिसरें, फोटोज पूर्ण बंद करावा. चौथें, संपूर्ण पेटी नव्या डिस्कवर ओढून तिची प्रत होऊं द्यावी. मध्येंच तार काढूं नये. पांचवें, नव्या जागेवरील पेटीवर दोनदां टिचकी मारून ती उघडावी, आंकडा ताडून पाहावा, आणि जुन्यांत जुनीं व नव्यांत नवीं अशीं कांहीं चित्रें मोठीं करून पाहावीं. सहावें, आयक्लाउडचा उपयोग करीत असल्यास सेटिंग्जमध्यें या पेटीस ‘सिस्टिम फोटो लायब्ररी’ ठरवावें. हा मान एका वेळीं एकाच संग्रहास मिळतो. इतकें सर्व झाल्यावरच पहिली प्रत पुसण्याचा विचार करावा.

डिस्क निवडतांनाहि सावधगिरी पाहिजे. ती मॅकच्या स्वतःच्या पद्धतीनें, म्हणजे एपीएफएस किंवा मॅक ओएस एक्स्टेंडेड या रचनेनें, तयार केलेली असावी. लहान पेनड्राइव्ह, कॅमेऱ्याचें कार्ड, किंवा जाळ्यावरून अनेकांस खुली असलेली डिस्क यांवर चालू संग्रह ठेवूं नये. ‘टाइम मशीन’च्या प्रतींसाठीं असलेली डिस्कहि या कामीं वापरूं नये. तसेंच आयक्लाउडमध्यें जागा वांचविण्याची सोय चालू असेल, तर मूळ मोठीं चित्रें संगणकांत नसून केवळ त्यांच्या लहान प्रती असूं शकतात. अशा पेटीची नक्कल केली म्हणजे मूळ चित्रांची नक्कल झाली असें होत नाहीं.

दुसऱ्या प्रकाराचें उदाहरण म्हणजे ॲडोबी कंपनीचा ‘लाइटरूम’. हा २००७ मध्यें निघाला, आणि २०१७ पासून त्यास ‘लाइटरूम क्लासिक’ म्हणतात. त्याची नोंदवही ‘कॅटलॉग’ या नांवाची असते. चित्रांवर केलेले संस्कार त्या वहींत असतात, पण चित्रें नसतात. मोठी नवी आवृत्ति घेतली म्हणजे प्रोग्राम वहीची नवी प्रत करितो व जुनी तशीच ठेवतो. म्हणून एकासारख्या दोन वह्या दिसल्या तर गोंधळूं नये. चालू वही कोठें आहे, हें ‘कॅटलॉग सेटिंग्ज’मध्यें लिहिलेलें असतें. चित्रांचा फोल्डर हलवावयाचा असल्यास तो लाइटरूमच्या आंतूनच हलवावा, म्हणजे वहींतील पत्ताहि आपोआप बदलतो. बाहेरून हलविल्यास फोल्डरवर प्रश्नचिन्ह उमटतें. तें पाहून धीर सोडूं नये व चित्रें पुन्हां नव्यानें आंत घेऊं नयेत, कारण नव्या नोंदींस जुने संस्कार चिकटत नाहींत. ‘फाइंड मिसिंग फोल्डर’ ही आज्ञा देऊन नवी जागा दाखवावी, म्हणजे सर्व पूर्ववत् होतें. या प्रोग्रामचा संग्रह दुसऱ्या संगणकावर न्यावयाचा तर वही आणि चित्रें हीं दोन्ही न्यावीं लागतात. एक नेऊन दुसरें विसरल्यास काम अर्धेंच होतें.

विद्यार्थी मित्रहो, यांतील कोणतीहि गोष्ट कठीण नाहीं; चित्त ठिकाणावर ठेवून क्रमानें करण्याची आहे. घरांत संगणकाचें काम बहुधा तुमच्याच हातीं येतें, आणि वडील माणसें तुमच्यावर विसंबून असतात. तेव्हां नवी आवृत्ति घेण्यापूर्वीं संग्रहाची एक प्रत निराळ्या डिस्कवर काढावी, आणि शक्य असल्यास ती डिस्क निराळ्या घरीं ठेवावी; एकाच टेबलावरील दोन्ही प्रती एकाच पावसांत भिजतात. डिस्कवर तारीख व आंतील चित्रांचा आंकडा लिहावा. पालकांसहि विनंति आहे कीं, येत्या सुट्टींत मुलांस बरोबर घेऊन घरचा संग्रह नेमका कोठें आहे तें एकदां पाहून घ्यावें, आणि ती जागा घरांतील निदान दोन माणसांस माहीत असूं द्यावी.