क्वेरी लिहून मिळेल, तपासणार कोण?

"क्वेरी तर आता एआयच लिहून देतं, मग एसक्यूएल शिकून काय उपयोग?" मुलांना कॉम्प्युटरला घातलेले पालक हल्ली काळजीने विचारतात. माझं उत्तर ठाम आहे: एआयने लिहिलेली क्वेरीही कुणाला तरी तपासावी लागते, म्हणून डेटाबेसला प्रश्न विचारण्याची ही भाषा, एसक्यूएल, शिकू द्याच, आणि दुसऱ्याला वाचता येईल असं लिहायची सवय आत्ताच लागू द्या.

समजा, कॉलेजच्या वेबसाइटवर प्रत्येक विद्यार्थ्याची भरलेली फी आणि ग्रंथालयाचा दंड यांची बेरीज दाखवायची आहे. नवशिका मुलगा विद्यार्थी, फी आणि दंड ही तिन्ही टेबलं एकदम जॉइन करतो. एखादीने फीचे 3 हप्ते भरले असतील आणि तिला 2 वेळा दंड झाला असेल, तर जॉइनमधून 6 ओळी निघतात. फी दुप्पट होते, दंड तिप्पट. एरर येत नाही, पान नीट उघडतं. टेबलांना टी1, टी2 अशी नावं देऊन सगळं एका ओळीत कोंबलं असेल, तर ही चूक अनुभवी माणसाच्याही नजरेतून सुटते.

तेच एसक्यूएलमधलं 'विथ' वापरून आधी 'एकूण_फी' आणि 'एकूण_दंड' असे दोन भाग करा. प्रत्येकात विद्यार्थ्यामागे एकच ओळ ठेवा. मग ते विद्यार्थ्यांच्या टेबलाला लेफ्ट जॉइनने जोडा, म्हणजे दंड नसलेली मुलं यादीतून गळणार नाहीत. आता हिशोब वाचतावाचताच पटतो. 'विथ' एसक्यूएलच्या 1999 च्या मानकात आलं, मायएसक्यूएलमध्ये मात्र 2018 च्या 8.0 आवृत्तीत, तेव्हा जुन्या नोट्सवर विसंबू नका.

जँगोसारख्या वेब फ्रेमवर्कमध्ये पायथनच लिहायचं असतं, तरी आतून एसक्यूएलच जातं. 100 विद्यार्थ्यांच्या यादीत प्रत्येकाच्या विभागाचं नाव छापताना 101 क्वेरी जाऊ शकतात. एसक्यूएल वाचता येणाऱ्यालाच हे लॉगमध्ये खटकतं. आणि युजरने भरलेला मजकूर क्वेरीत कधीही चिकटवू नका, पॅरामीटर म्हणून वेगळा द्या. वाचायला सोपं जातं आणि एसक्यूएल इंजेक्शनचा धोकाही टळतो.

पालकांनी महागड्या क्लासची धास्ती घेऊ नये. पोस्टग्रेस, एसक्यूलाइट फुकट मिळतात, साध्या लॅपटॉपवर चालतात. आयबीएममध्ये चेंबरलिन आणि बॉइस यांनी 1974 मध्ये मांडलेली ही भाषा अजून रोजच्या कामात आहे, त्यामुळे शिकलेलं वाया जात नाही.

मुलांनो, शेवटच्या वर्षाच्या प्रोजेक्टमधली सर्वांत अवघड क्वेरी मैत्रिणीला वाचायला द्या. तिला जिथे विचारावं लागेल, तिथली नावं बदला आणि मगच ती मुलाखतीत दाखवा.