आठवड्यात युरोप : तीन शहरांचा एक आराखडा

परदेशप्रवासाची वर्णने मराठीत विपुल आहेत. प्रवासाची आखणी कशी करावी, याचा विचार मात्र आपण बहुधा प्रवासी कंपनीवर सोपवून मोकळे होतो. हाती सातच दिवस असतील तर आखणीला फार महत्त्व येते. म्हणून प्रस्तुत लेखात युरोपातील एका आठवड्याचा आराखडा मांडण्याचे योजिले आहे.

प्रथम थोडे गणित करू. सात दिवसांचे तास १६८. झोपेचे ५६ वजा करा. स्नान, भोजन, तिकिटांच्या रांगा यांना रोज चार तास धरले तर आणखी २८ गेले. उरले ८४. आता एक शहर सोडून दुसऱ्यात जाणे म्हणजे नुसते गाडीत बसणे नव्हे. सामान बांधा, स्टेशन गाठा, नव्या गावात मुक्कामाची जागा शोधा. जवळचे गाव असले तरी सहा तास मोडतातच. पॅरिस, ॲमस्टरडॅम, बर्लिन, व्हेनिस, रोम अशी पाच शहरे घेतली तर चार वेळा बिऱ्हाड हलवावे लागेल आणि प्रत्येक शहराच्या वाट्याला जेमतेम १२ तास येतील. प्रत्यक्षात तेवढेही नाहीत, कारण ही अंतरे लहान नव्हेत. एकट्या पॅरिस-रोममध्ये सरळ रेषेत सुमारे ११०० किलोमीटर आहेत. तीनच शहरे घेतली तर दोनदाच हलावे लागते आणि प्रत्येकाला २४ तास मिळतात, म्हणजे नेमके दुप्पट. विमानाने येण्याजाण्याचा वेळ यात धरलेलाच नाही.

मग तीन कोणती? 'सर्वांत प्रसिद्ध' ही कसोटी माझ्या मते निरुपयोगी आहे. एकमेकांशी संबंध नसलेली तीन प्रसिद्ध स्थळे डोक्यात तीन चित्रपोस्टकार्डांसारखी सुटी राहतात. त्याऐवजी एकाच कथेतली तीन शहरे घ्यावीत. प्राग, व्हिएन्ना आणि बुडापेस्ट ही १९१८ पर्यंत एकाच हॅब्सबर्ग साम्राज्यातील शहरे होती. आज ती झेक प्रजासत्ताक, ऑस्ट्रिया व हंगेरी या तीन देशांच्या राजधान्या आहेत. प्राग ते व्हिएन्ना रेल्वेने सुमारे चार तास, व्हिएन्ना ते बुडापेस्ट तीन तासांच्या आत. प्रागला उतरावे आणि बुडापेस्टहून परतावे. आल्या वाटेने मागे जाण्यात एक अख्खा दिवस वाया जातो.

वार पाहून निघणे फार महत्त्वाचे. युरोपातील बरीच संग्रहालये सोमवारी बंद असतात (पॅरिसचे लूव्र मात्र मंगळवारी). प्रागचे ज्यू संग्रहालय शनिवारी बंद असते. व्हिएन्नात रविवारी बहुतेक दुकाने उघडत नाहीत. म्हणून रविवारी प्रागला पोहोचावे, मंगळवारी सकाळी व्हिएन्नाची गाडी धरावी, शुक्रवारी बुडापेस्ट आणि पुढच्या रविवारी परत. ऋतूचाही विचार हवा. प्रागला डिसेंबरात चारच्या सुमारास सूर्य मावळतो, तर जूनमध्ये रात्री नऊनंतर.

आता क्रमाचे कारण. सम्राट दुसरा रुडॉल्फ याने १५८३ मध्ये आपला दरबार व्हिएन्नाहून प्रागला हलविला. टायको ब्राहे आणि केप्लर हे ज्योतिर्विद त्याच्या पदरी होते. चित्रे व दुर्मिळ वस्तू जमविण्याचे त्याला वेड होते. आज प्रागच्या किल्ल्यात तो संग्रह शोधू गेल्यास फारसे हाती लागत नाही. बराचसा १६४८ मध्ये स्वीडिश सैन्याने लुटून नेला आणि काही भाग व्हिएन्नाला गेला. तिथल्या कलेतिहास संग्रहालयात पीटर ब्रूगेलच्या चित्रांचा जगातील सर्वांत मोठा संग्रह आहे. १५६५ चे 'हिमातील शिकारी' त्यातलेच. प्रागचे रिते महाल आधी पाहिलेल्या माणसाला व्हिएन्नातील या भिंती अधिक बोलक्या वाटतील. उलट क्रमाने गेल्यास हा धागा हाती लागणे कठीण.

व्हिएन्नात तीन रात्री ठेवाव्यात. १८५७ मध्ये तट पाडण्याचा हुकूम निघाला आणि त्या जागी रिंगस्ट्रासे हा भव्य वर्तुळाकार रस्ता झाला. तो पायीच पाहावा. त्याच रस्त्यावरील विद्यापीठापाशी मराठी वाचकाने जरा थांबावे. मुंबईच्या एल्फिन्स्टन कॉलेजात शिकविलेले संस्कृतज्ञ गेऑर्ग ब्यूलर १८८१ पासून व्हिएन्ना विद्यापीठात प्राध्यापक होते. त्यांचे शिष्य विंटरनिट्झ पुढे प्रागला शिकवू लागले. महाभारताच्या चिकित्सक आवृत्तीचा आग्रह प्रथम धरणाऱ्यांत ते होते, आणि ती आवृत्ती पुण्याच्या भांडारकर संस्थेने सिद्ध केली! संध्याकाळी ऑपेरागृहात उभे राहून पाहण्याची स्वस्त तिकिटे मिळतात. जुलै-ऑगस्टमध्ये मात्र तिथे सुट्टी असते.

व्हिएन्नाचा मुक्काम सर्वांत मोठा असल्याने शेंगेन व्हिसाचा अर्ज ऑस्ट्रियाकडे करावा लागेल, कारण ज्या देशात अधिक काळ राहणार त्याच्याकडेच अर्ज करण्याचा नियम आहे. प्रवासाच्या आधी सहा महिन्यांपासून पंधरा दिवसांपर्यंत तो करता येतो. किमान ३०,००० युरोंचा वैद्यकीय विमा आवश्यक. व्हिसा एक असला तरी चलने तीन आहेत : कोरुना, युरो, फोरिंट. ट्राम-मेट्रोचे कागदी तिकीट नुसते खिशात ठेवून चालत नाही, यंत्रात घालून त्यावर शिक्का उमटवावा लागतो. साध्या वेषातले तपासनीस पर्यटकाला सवलत देत नाहीत.

बुडापेस्ट हे नावही तसे नवे. बुडा, ओबुडा व पेस्ट ही गावे १८७३ मध्ये एक झाली. १८९६ ची तिथली भुयारी रेल्वे आजही चालते. डॅन्यूबवरील पूल १९४५ मध्ये माघार घेणाऱ्या जर्मन सैन्याने उडविले. १८४९ चा साखळी पूल शंभर वर्षांनी, १९४९ मध्ये, पुन्हा उभा राहिला. पेस्टच्या काठावर संसद भवनाजवळ लोखंडी पादत्राणांच्या जोड्या मांडल्या आहेत. १९४४-४५ च्या हिवाळ्यात हंगेरियन फॅसिस्टांनी ज्यू स्त्रीपुरुषांना नदीकाठी पादत्राणे काढायला लावून गोळ्या घातल्या, त्यांचे हे स्मारक. प्रागच्या पिंकास सिनेगॉगच्या भिंतींवर अशाच सुमारे ८०,००० बळींची नावे लिहिलेली आहेत. सोमवारी ती नावे वाचली असतील, तर शनिवारी या काठावर निदान अर्धा तास मोकळा ठेवावा. वेळापत्रकात त्यापुढे काहीही लिहू नये.