नव्या बंदुकीची निगा : लाकूड, पोलाद आणि सोलापूरची हवा

व्यापाराच्या पानावर बंदुकीचा विषय पाहून काही वाचकांना नवल वाटेल. परंतु आमच्या जिल्ह्यात परवान्याची बारा बोर बंदूक बाळगणारे व्यापारी आहेत, बागायतदार आहेत आणि पेढीवर किंवा गोदामावर रखवाली करणारेही आहेत. 1972 च्या वन्यजीव कायद्यानंतर शिकारीचा शौक संपला. आता बंदूक घरात येते ती मालाच्या, पिकाच्या किंवा जिवाच्या रक्षणासाठी. ती वर्षानुवर्षे कपाटात पडून राहते आणि वापराने नव्हे, तर पडून राहिल्यानेच खराब होते. म्हणून हा धडा आज घेत आहोत.

सुरुवात आमच्याच चुकीने करतो. 2009 च्या पावसाळ्यात आम्ही नवी दोनाली घेतली. वस्तू महागाची, तेव्हा तिला चांगले पांघरूण हवे असे वाटले. दुकानातील जाड जेकार्ड चादर काढली, तीत बंदूक नीट गुंडाळली आणि लोखंडी कपाटात आडवी ठेवून दिली. दिवाळीनंतर कपाट उघडले तर नळ्यांवर चादरीची वीण तांबड्या गंजात उमटलेली! आम्ही बंदूक घेऊन परवानाधारक दुरुस्तीवाल्याकडे गेलो. म्हातारे कारागीर चष्मा पुसत म्हणाले, "शेठ, तुम्ही कापडाचे व्यापारी. सूत पाणी पिते हे आम्ही तुम्हाला सांगायचे का?"

त्यांचे म्हणणे खरे होते. सुताचा सौदा करताना साडेआठ टक्के ओलावा धरण्याचा रिवाज आम्हाला पाठ आहे. कोरडे दिसणारे सुती कापडही हवेतील पाणी धरून ठेवते, आणि सोलापुरात पावसाचा खरा जोर सप्टेंबरात असतो. म्हणजे आम्ही नव्या पोलादाला दोन-तीन महिने ओल्या पट्टीत बांधून ठेवले होते.

नवा रंग म्हणजे काय?

नळीवरचा काळानिळा रंग हा ऑइलपेंटसारखा वरून चढवलेला थर नव्हे. तो पोलादाच्याच पृष्ठभागावर रासायनिक क्रियेने तयार केलेला लोहाचा काळा ऑक्साइड असतो. हा थर अतिशय पातळ असतो. तो एकट्याने गंज थांबवू शकत नाही. तेलाचा अंश धरून ठेवणे हे त्याचे मुख्य काम. सुताला खळ असते तशी पोलादाला ही खळ समजा, आणि तेल नसेल तर ती कोरडी खळ आहे.

या थराचे शत्रू तीन आहेत. पहिला हाताचा घाम, कारण त्यात मीठ असते. दुसरा कोंडलेला ओलावा. तिसरा आंबट पदार्थ. तांब्या-पितळेची भांडी चिंच-लिंबाने उजळतात म्हणून कोणी बंदुकीला तोच उपाय केला, तर रंग तिथल्या तिथे उतरून पांढरे पोलाद उघडे पडते. ब्रासो, राखुंडी, काचकागद यांपैकी काहीही नळीला लावू नये.

सफाईची रीत

1. प्रथम बंदूक मोडून दोन्ही नळ्या रिकाम्या असल्याची डोळ्यांनी खात्री करा. काडतुसे दुसऱ्या खोलीत कुलपात ठेवा. मुलांना दूर ठेवा. हे केल्याशिवाय पुढचे काहीही करू नका.

2. नव्या बंदुकीला कारखान्यातून आलेले जाड ग्रीस असते. ते पुसून काढा. नळीच्या आत गजाने कोरडी चिंधी फिरवा.

3. चिंधी धुतलेल्या जुन्या मलमलीची घ्या. कोऱ्या कापडात खळ असते, ते तेल नीट शोषत नाही आणि त्याची भुकटी फटीत बसते. टॉवेलच्या तुकड्याची लव निघते, म्हणून तोही नको.

4. बंदुकीचे तेल मिळत नसेल तर शिलाई मशीनचे पातळ खनिज तेल चालते. चार थेंब चिंधीवर घ्या आणि पोलादाच्या सर्व भागांवर फिरवा. बोट फिरवल्यावर ओशट लागावे, पण तेल ओघळू नये. खोबरेल किंवा शेंगदाणा तेल कधीही लावू नका. ते कालांतराने खवट व चिकट होते आणि चाप, खटका जाम करते.

5. हात लागला की पुसायचे, हा नियम ठेवा. पाहुण्यांनी कौतुकाने बंदूक हाताळली, तरी त्यांच्यामागे तेलाची चिंधी फिरलीच पाहिजे.

6. गोळी झाडण्यापूर्वी नळीतील तेल व ग्रीस कोरड्या चिंधीने पूर्ण काढा. नळीत अडकलेली चिंधी किंवा साचलेले ग्रीस नळी फोडू शकते.

लाकडाचे काम आणि आगीचा धोका

दस्ता बहुधा अक्रोडाच्या किंवा तशाच टणक लाकडाचा असतो. त्यावर चकचकीत, काचेसारखे वार्निश असेल तर त्याला तेल लागत नाही. कोरड्या मऊ कापडाने पुसणे पुरेसे. लाकडाचे रेशे हाताला जाणवत असतील आणि चमक मंद असेल, तर ते तेलाचे काम समजावे. त्याला रंगाच्या दुकानात मिळणारे डबल बॉइल्ड जवसाचे तेल योग्य. दोन-तीन थेंब तळहातावर घ्या, हात गरम होईपर्यंत दस्त्यावर चोळा आणि उरलेले पुसून टाका. पूर्ण वाळल्याशिवाय दुसरा हात देऊ नका. पहिल्या वर्षी अधूनमधून, नंतर वर्षातून एक-दोनदा एवढे बस्स. एकदम जास्त तेल ओतले तर चिकट साय धरते आणि तीवर धूळ बसते. करडईचे तेल आपल्याकडे मुबलक असले तरी ते जवसापेक्षा फार सावकाश वाळते. ते स्वयंपाकघरातच राहू द्या.

आता कापडाच्या बंधूंनी हे विशेष लक्ष देऊन वाचावे. जवसाचे तेल वाळते म्हणजे पाण्यासारखे उडून जात नाही. ते हवेतील प्राणवायू घेऊन घट्ट होते, आणि या क्रियेत उष्णता निघते. तेलाची चिंधी चुरगाळून कोपऱ्यात टाकली तर ती उष्णता आत कोंडते, वाढत जाते आणि काडी न लावता चिंधी पेट घेऊ शकते. गिरणीतील तेलकट कापूसकचऱ्याला आपोआप आग लागते, त्याचे कारण हेच. जिथे चारही बाजूंना गाठी आणि थान रचलेले असतात, तिथे अशी एक चिंधी सारी पुंजी राख करण्यास पुरेशी आहे. म्हणून हे काम दुकानात वा गोदामात करूच नका. चिंधी बाहेर मोकळ्या जागी एकेरी पसरून कडक होईपर्यंत वाळवा, किंवा झाकणाच्या पत्र्याच्या डब्यात पाण्यात बुडवून ठेवा.

दुसरी एक गोष्ट. पोलादाचे खनिज तेल लाकडाला मानवत नाही. ते मुरले की दस्त्याचा वरचा भाग काळा आणि मऊ पडतो. तेल लावल्यावर बंदूक एक रात्र नळीचे तोंड खाली करून टेकवा, म्हणजे जादा तेल लाकडात उतरणार नाही. तोंडाखाली कागद ठेवा. उन्हाळ्यात पत्र्याखालच्या तापलेल्या खोलीत बंदूक ठेवू नका. आपल्याकडच्या कोरड्या उन्हात लाकूड आकसते आणि पोलादाशी असलेला त्याचा सांधा सैल होतो.

कोठे ठेवावी?

चामड्याच्या किंवा कापडी म्यानात बंदूक फक्त प्रवासापुरती असावी. म्यानही ओलावा धरते. सल्फर रंगातील काळे स्वस्त कापड तर मुळीच नको. दमट हवेत त्यातून आम्ल तयार होते आणि कापड विरते, हे रंगाऱ्यांना ठाऊक आहे. जे सुताला खाते ते पोलादाला सोडील काय? कुलपाच्या कपाटात बंदूक उभी व उघडी ठेवा. निर्यातीच्या खोक्यांत घालतात त्या सिलिका जेलच्या पुड्या कपाटात ठेवा आणि पावसाळ्यात त्या वरचेवर बदला. महिन्यातून एकदा पाच मिनिटांची पाहणी पुरे.

निवडणुकीच्या काळात अनेक परवानाधारकांना बंदूक पोलीस ठाण्यात जमा करावी लागते. तिथे ती कित्येक आठवडे राहते, आणि तेथे आपली चिंधी पोचत नाही. जमा करण्याआधी आतून-बाहेरून ग्रीसचा पातळ हात द्या, क्रमांक व स्थिती लिहिलेली पावती घ्या आणि परत मिळाली की त्याच दिवशी सफाई करा.

घिसाडघाई आणि कायदा

गंज दिसला की घाबरू नये. वरचा ताजा गंज असेल तर तेल लावून काही तास ठेवा आणि खरखरीत सुती कापडाने हळूहळू पुसा. त्यापुढचे काम स्वतः करू नका आणि ओळखीच्या बफिंगवाल्याकडेही नेऊ नका. 1959 च्या शस्त्र कायद्यानुसार बंदूक दुरुस्त करणाऱ्यालाही परवाना लागतो. शिवाय पॉलिशच्या चाकावर बंदुकीचा क्रमांक झिजला, तर प्रश्न शोभेचा राहत नाही. क्रमांक मिटवणे हा त्याच कायद्याखाली गुन्हा आहे. तुम्ही चमक करायला गेलात, हे तपासणाऱ्याला कसे पटवाल?

परवानाधारक कारागिराकडे पुन्हा रंग करून घेताना एक प्रश्न जरूर विचारा : रंग कोणत्या पद्धतीने देणार? दोनालीच्या नळ्या बहुधा मऊ डाखाने जोडलेल्या असतात. कॉस्टिकच्या उकळत्या कढईत हा डाख खाल्ला जातो. सोलापूरच्या रंगाऱ्यांना कॉस्टिकची ताकद सांगायला नको. अशा नळ्यांना सावकाश गंज चढवून, उकळून काळा करण्याची जुनी रीतच योग्य.

आमच्या बंदुकीवरील चादरीची नक्षी त्या म्हाताऱ्या कारागिरांनी बरीचशी घालवली. परंतु प्रकाशात नळी तिरपी धरली की दोन फुले अजून दिसतात. आम्ही ती मुद्दाम आमच्या मुलांना दाखवतो. बंदूक ही हौसेची वस्तू नव्हे. सरकारने विश्वासाने आपल्या हाती दिलेली ती अमानत आहे. ती निकामी होऊ देणे हीही निष्काळजीच. महिन्यातून पाच मिनिटे, चार थेंब तेल आणि एक धुतलेली चिंधी, एवढ्यात ती पुढच्या पिढीपर्यंत टिकते.